शब्द स्वस्त झाले, आता सही कोणाची?

लोकलायझेशनच्या, म्हणजे सॉफ्टवेअर आणि कागदपत्रे दुसऱ्या भाषेत आणून देण्याच्या, धंद्यात माल शब्दांनी मोजतात. मोबाइल ॲप असो, बँकेचा अर्ज असो की औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, काम आले की पहिला प्रश्न ठरलेला: शब्द किती? मूळ इंग्रजी फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, आकडा काढायचा, दराने गुणायचे, कोटेशन तयार. इंग्रजी वाक्याचे मराठी वाक्य करायला माणूस लागत होता आणि त्याचा वेळ साधारण शब्दांच्या प्रमाणात जात होता, तोवर हा हिशेब ठीक होता. आता कच्चे मराठी वाक्य मिळवायला माणूस लागत नाही. मग या धंद्याने विकायचे काय?

माझ्या मते विकण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे वाक्याची जबाबदारी. हे वाक्य बरोबर आहे, ज्याच्यासाठी लिहिले त्याला ते कळते, आणि चुकले तर उत्तर मी देईन, असे सांगणारी एका माणसाची सही. त्या सहीला आज कोणी वेगळे पैसे मोजत नाही. मराठी वाचकाचे नुकसान नेमके तिथे होते आहे.

आधी साखळी पाहू. कॅलिफोर्नियातली किंवा बंगळुरूमधली कंपनी तीस-चाळीस भाषांचे काम एका मोठ्या बहुभाषिक व्हेंडरला देते. तो भारतीय भाषांचा गठ्ठा इथल्या एजन्सीकडे पाठवतो. तिथून मराठीचे काम आणखी छोट्या एजन्सीकडे जाते आणि शेवटी पुण्यात, नागपुरात किंवा लातुरात घरी बसलेल्या फ्रीलान्सरकडे पोचते. प्रत्येक पायरीवर दर कापला जातो, हे सगळेच बोलतात. पण दरापेक्षा जास्त गळती माहितीची होते. अनुवादकासमोर येते ती एक्सेलची रांग, आणि तिच्यात एकच शब्द: ‘ओपन’. हे बटण आहे की दुकानाची स्थिती? उघडायचे आहे की उघडे आहे? ‘बुक’ म्हणजे पुस्तक की तिकीट काढणे? ‘बॅलन्स’ म्हणजे खात्यातली शिल्लक की तोल? ‘मे’ हा महिना की शक्यता? पडद्याचे चित्र मिळाले असते तर पाच सेकंदांत उत्तर मिळाले असते. ते नसते, म्हणून अनुवादक प्रश्नांच्या तक्त्यात प्रश्न लिहितो. तो चार पायऱ्या चढून इंजिनिअरपर्यंत जायला आणि उत्तर खाली यायला तीन-चार दिवस लागतात आणि काम उद्या द्यायचे असते. मग अंदाज बांधला जातो, आणि त्या अंदाजाची सवय होते.

अनुवादसेवेचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १७१०० (२०१५). त्यात स्पष्ट अट आहे की अनुवाद झाल्यावर दुसऱ्या व्यक्तीने मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून तपासलाच पाहिजे. दर घसरले की पहिली कात्री लागते ती या दुसऱ्या नजरेला. ती गेल्याचे ग्राहकाला कळत नाही, कारण ग्राहकाला मराठी येत नसते.

आता मशीनचा भाग. गूगलने सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूरल (आधीच्या अनुवादांवरून शिकणारी) अनुवादपद्धत जाहीर केली आणि एप्रिल २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषा तिच्यात आणल्या. भारत सरकारचे ‘भाषिणी’ हे अनुवादाचे व्यासपीठ जुलै २०२२ मध्ये सुरू झाले. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाने २०२३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांसाठी ‘इंडिकट्रान्स२’ हे मॉडेल खुले करून दिले. याच सुमारास चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेल्सही आली. थोडक्यात, पहिल्या खर्ड्याची किंमत जवळपास शून्यावर आली. ती परत वर जाणार नाही आणि जावी असे मलाही वाटत नाही.

या शून्याचा हिशेब अनुवादकाच्या बिलात कसा उतरतो, ते आकड्यांनी पाहिले तर स्पष्ट होईल. समजा दहा हजार शब्दांचे काम आहे आणि सोयीसाठी पूर्ण दर शब्दाला एक रुपया धरला. अनुवादाच्या सॉफ्टवेअरला ‘ट्रान्सलेशन मेमरी’ असते, म्हणजे पूर्वी केलेल्या वाक्यांच्या जोड्यांची साठवण. नवी फाइल त्या साठवणीशी ताडून पाहिली जाते. समजा तीन हजार शब्द आधीच्या वाक्यांशी तंतोतंत जुळले. त्यांना दहा टक्के दर, म्हणजे ३०० रुपये. दोन हजार शब्दांची वाक्ये थोडीफार जुळली. त्यांना निम्मा दर, म्हणजे १,००० रुपये. उरलेले पाच हजार शब्द नवे, त्यांचे ५,००० रुपये. एकूण ६,३०० रुपये झाले. आता त्या पाच हजार नव्या शब्दांचा खर्डा मशीनने आधीच भरून दिलेला असतो आणि कामाला ‘पोस्ट-एडिटिंग’ म्हणतात. दर चाळीस टक्के धरा: ५,००० चे २,००० झाले आणि बिल ३,३०० वर आले. सोबत अपेक्षा अशी की वेग दुपटीहून जास्त व्हावा. दिवसाला अडीच हजार शब्दांचा अनुवाद हे धंद्यात रास्त काम मानतात. आठ तासांच्या हिशेबाने शब्दामागे साडेअकरा सेकंद पडतात. दिवसाला सहा हजार शब्द पोस्ट-एडिट करायचे म्हटले तर शब्दामागे पाच सेकंदही उरत नाहीत. त्या पाच सेकंदांत मूळ वाचायचे, मराठी वाचायचे, संज्ञा ताडायची, चूक शोधायची, दुरुस्त करायची.

यातला खरा घात असा की मशीनच्या चुका आता गुळगुळीत असतात. पूर्वीचा मशीनचा अनुवाद वाचताना ठेच लागायची, त्यामुळे चूक सापडायची. आताचे वाक्य व्याकरणशुद्ध असते, सुरळीत वाहते आणि मधला एक ‘नाही’ गळालेला असतो, किंवा ‘किमान’च्या जागी ‘कमाल’ आलेले असते. असे वाक्य तपासायला कोऱ्या पानावर लिहिण्याइतकेच लक्ष लागते, कधी जास्तच. पोस्ट-एडिटिंगचा दर मात्र टायपिंग किती वाचले यावर ठरतो. लक्ष द्यायला लागणारा वेळ त्यात मोजलाच जात नाही.

आता मराठीत मशीन आणि साखळी मिळून नेमके काय बिघडवतात ते जवळून बघू. ‘मशीनला भाव कळत नाहीत’ अशी मोघम तक्रार करून काही साधत नाही.

पहिली गोष्ट सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे बदलणारे रूप. इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये वाक्य साच्यात लिहितात आणि रिकाम्या जागी नाव भरतात. बसच्या ॲपमध्ये साचा असतो: ‘अमुक ठिकाणी जाणाऱ्या बस’. मराठीत त्या रिकाम्या जागेपुढे ‘ला’ जोडला की पडद्यावर येते ‘पुणे ला जाणाऱ्या बस’, ‘सातारा ला जाणाऱ्या बस’. असे कोणी बोलत नाही. पुण्याला, साताऱ्याला, धुळ्याला, कोल्हापुराला किंवा कोल्हापूरला, पण सांगलीला आणि बीडला. ‘त’ लावायचा तर आणखी घोळ: पुण्यात, मुंबईत, पण बीडमध्ये. अनुवादक यातून पळवाट काढतो आणि ‘पुणे येथे जाणाऱ्या’ असे लिहितो. सरकारी फलकावरची भाषा फोनमध्ये शिरते. खरा उपाय अनुवादकाच्या हातात नाही, तो डेटाबेसमध्ये आहे. गावांच्या तक्त्यात नावाशेजारी दोन स्तंभ वाढवायचे: एकात ‘ला’ लागलेले रूप, दुसऱ्यात ‘त’ किंवा ‘मध्ये’ लागलेले. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत, म्हणजे चारशेच्या आत नावे. जाणत्या माणसाचे हे एक दिवसाचे काम आहे आणि ते एकदाच करायचे. ते होत नाही, कारण शब्दाच्या दरात बसेल असे ते कामच नाही. तक्ता सुधारा असे सांगणाऱ्याला बिलात ओळ नाही.

क्रियापदाचेही तेच. ‘अमुक हटवले’ हा साचा फाइलसाठी चुकतो, कारण फाइल हटवली जाते, फोटो हटवला जातो आणि पान हटवले जाते. इंग्रजीला लिंगाची फिकीर नाही, मराठीत तीन लिंगे आहेत. जाणता लोकलायझर साचा उलटवतो: ‘हटवले: सुट्टीचा फोटो’. किंवा फाइल, फोटो आणि पान यांच्यासाठी तीन वेगळी वाक्ये मागून घेतो. ही मागणी सॉफ्टवेअर लिहिले जात असतानाच करावी लागते. लिहून झाल्यावर सहा महिन्यांनी ती पोचली तर कोणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट हिंदीची सावली. भारतीय भाषांच्या कामात हिंदी आधी होते, ग्राहकाच्या कचेरीत हिंदी वाचणारा कोणीतरी असतो, आणि मग इतर भाषांना सांगितले जाते की संदर्भाला हिंदी बघा. लिपी एकच असल्याने मराठीवर ही सावली सर्वांत गडद पडते. ‘सुनिश्चित करा’, ‘माहिती प्रदान करते’, ‘च्या द्वारे’ या गोष्टी खटकतात, तरी अर्थ कळतो. पण काही शब्द अर्थच फिरवतात. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य. कायद्यातल्या ‘सुधारणा विधेयका’चे ‘संशोधन विधेयक’ झाले की मराठी वाचकाला वाटते सरकार विज्ञानासाठी कायदा करते आहे. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत; मराठीत आपत्ती म्हणजे पूर, भूकंप. जमिनीच्या नोटिशीत ‘आपत्ती नोंदवण्याची मुदत ३० दिवस’ असे छापले गेले तर ज्या शेतकऱ्याला हरकत घ्यायची आहे तो ती ओळ सोडून पुढे जाईल आणि मुदत निघून जाईल. ‘अवकाश’ तिकडे रजा, इकडे अंतराळ किंवा सवड. ‘शिक्षा’ तिकडे शिक्षण, इकडे दंड. यादी मोठी नाही. शंभरेक शब्दांची यादी सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवली तर ते शब्द दिसताक्षणी लाल होतील. प्रत्येक मराठी एजन्सीकडे अशी यादी असायला हवी. ती करायला अर्धा दिवस लागतो.

तिसरी गोष्ट जागेची, आणि इथे पैशाचे गणित भाषेच्या आड येते. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो. त्यात देवनागरीचे एक अक्षर आले तरी मर्यादा ७० वर येते. संदेश लांबून तुकड्यांत गेला तर तुकड्याला ६७. या मोजणीत काना, मात्रा, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. ‘तुमच्या खात्यातून’ ही १७ खुणांची रचना झाली; इंग्रजीत ‘फ्रॉम युवर अकाउंट’ हे तीन शब्दही मोकळ्या जागा धरून १७ च होतात. म्हणजे मजकूर तेवढाच आणि कोटा निम्म्याहून कमी. दीडशे अक्षरांचा इंग्रजी संदेश एका एसएमएसमध्ये जातो, तेवढ्याच मराठीला तीन लागतात आणि पैसेही तिपटीने. लाखो ग्राहकांना रोज संदेश पाठवणारी संस्था मराठी टाळते, त्यामागे भाषेचा द्वेष असतोच असे नाही. कित्येकदा हे बिल असते. ‘तुमच्या खात्यातून ५०० रुपयांची रक्कम वजा करण्यात आली आहे’ हा अनुवाद झाला. ‘खात्यातून ५०० रु. वजा, शिल्लक ३,२०० रु.’ हा मराठीत लिहिलेला संदेश आहे. शिल्लक सांगूनही तो सत्तरात बसतो आणि लवकर वाचला जातो. हा लिहिणारा माणूस शब्द वाढवून नाही, कमी करून पैसे वाचवतो, आणि शब्दाच्या दराने मोजले तर त्यालाच कमी मिळतात.

या सगळ्यावर एक तयार उत्तर असते: लोक मराठी निवडतच नाहीत, इंग्रजीतच वापरतात. हे अर्धे खरे आहे. ‘यूजर प्रोफाइल’च्या जागी ‘उपयोगकर्ता रूपरेखा’ दिसले की माणूस भाषा बदलून इंग्रजीवर जातो, आणि पुढच्या बैठकीत मराठी सोडणाऱ्यांचा तोच आकडा मराठीवरचा खर्च कापायला वापरला जातो. फोनवर वेळेपुढे ‘म.पू.’ आणि ‘म.उ.’ अशी अक्षरे दिसायची. मध्यान्हपूर्व आणि मध्यान्होत्तर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री हे चार शब्द असलेल्या भाषेला ती अक्षरे कोणी दिली? अशा गोष्टी युनिकोड संस्थेच्या, फोन-कॉम्प्युटर कंपन्या वापरतात त्या सामाईक स्थानिक माहितीकोशात ठरतात. तिथे भाषेच्या जाणकारांना सूचना देता येतात, मतही नोंदवता येते. मराठीतून तिथे जाणारे लोक वाढले पाहिजेत. मराठीसाठी यापेक्षा कमी कष्टात जास्त पडद्यांवर पोचणारे काम मला माहीत नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. सगळ्याच मजकुराला माणूस लागतो असे जे आपल्या धंद्यातले लोक सांगतात ते खरे नाही, आणि त्यामुळे आपलीच विश्वासार्हता जाते. खरेदीच्या संकेतस्थळावरचे ग्राहकांचे अभिप्राय, हॉटेलांची वर्णने, कंपनीतली अंतर्गत टिपणे, एकदाच वाचून टाकून द्यायचा मजकूर, यांना मशीनचे कच्चे मराठी पुरते. पूर्वी हा मजकूर मराठीत येतच नव्हता, आता येतो, हा शुद्ध फायदा आहे. लढायचे ते तिथे नाही. जिथे वाक्य चुकल्याने पैसा, जमीन, शरीर किंवा हक्क जातो, तिथे लढायचे.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे औषधाच्या चाचणीचे संमतिपत्रक. नवे औषध माणसांवर तपासण्यापूर्वी त्या व्यक्तीला तिला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत हे बंधनकारक आहे. मूळ इंग्रजीतले वाक्य असते की तुम्हाला ‘रँडम’ पद्धतीने दोनपैकी एका गटात घातले जाईल. मराठीत नेहमी असे उतरते: ‘तुम्हाला यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात नियुक्त केले जाईल.’ आता हे वाक्य कसे तपासतात ते पाहा. मूळ इंग्रजी न पाहिलेला दुसरा अनुवादक मराठीवरून उलट इंग्रजी करतो आणि ते मूळ इंग्रजीशी ताडतात. ‘यादृच्छिक’चे उलट ‘रँडम’च होणार, कारण कोशात तसेच आहे. तपासणी पास. गुणवत्तेच्या तक्त्यात चुकांना गुण असतात, उदाहरणार्थ किरकोळ चुकीला १, मोठीला ५, गंभीरला १०. या वाक्याला शून्य, म्हणजे निर्दोष. मशीनही नेमके हेच वाक्य देते. आणि ज्या बाईसमोर ते पत्रक ठेवले आहे तिला ‘यादृच्छिक’ कळत नाही, ‘नियुक्त’ म्हणजे नोकरीवर घेणार असे वाटते, आणि पत्रकाच्या मथळ्यातली ‘चाचणी’ म्हणजे तिच्या लेखी रक्ताची किंवा लघवीची तपासणी असते. तिची सही मिळते. संमती मिळत नाही.

हेच वाक्य असे लिहिता येते: ‘यात दोन गट आहेत. तुम्ही कोणत्या गटात जाल हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि तुम्हीही ठरवत नाही. नाणे उडवल्यावर छापा पडेल की काटा हे आधी सांगता येत नाही, तसे हे कॉम्प्युटर ठरवतो.’ शब्द तिपटीने वाढले. उलट अनुवाद केला तर तो मूळ इंग्रजीशी जुळणार नाही आणि तपासणारा शेरा मारेल. पण दहावीपर्यंतही न शिकलेल्या माणसाला ते कळते. कळते की नाही हे शोधायची पद्धत धंद्यात आहेच. रुग्णांनी भरायच्या प्रश्नावल्यांसाठी २००५ पासून मान्य असलेल्या शिफारशींत पाच ते आठ प्रत्यक्ष वाचकांना मजकूर वाचायला देऊन, ‘हे तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारायला सांगितले आहे. प्रश्नावलीसाठी जे करतात ते संमतिपत्रकासाठीही नेमाने व्हायला हवे. तीन हजार शब्दांच्या पत्रकाचा खर्च काढू: लिहायला दोन दिवस, दुसऱ्याने तपासायला एक, सहा वाचकांशी अर्धा-अर्धा तास बोलायला एक, दुरुस्तीला एक. पाच माणूस-दिवस. औषधाच्या चाचणीच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे.

मशीन इथे उपयोगी नाही असे मी म्हणत नाही. पहिला खर्डा तिने द्यावा, वाक्य सोपे करण्याचे चार पर्याय तिने सुचवावेत, संज्ञा सगळीकडे एकच आली आहे का ते तिनेच तपासावे. हे ती माणसापेक्षा चांगले करते. पण पंढरपुरातल्या सहा माणसांसमोर बसून, ‘काकू, यातून तुम्हाला काय समजलं?’ असे विचारणे, आणि उत्तर ऐकून वाक्य बदलणे, ही कामे माणसाची. नंतर सही करणे हेही त्याचेच.

या प्रश्नाला आता कायद्याची निकड आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, माहिती घेण्यापूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागेल. म्हणजे बावीस भाषा. बँक, दवाखाना, शाळेचे ॲप, किराणा घरपोच देणारी कंपनी, सगळ्यांना मराठी सूचना लागणार. एवढे काम भारतीय भाषांच्या वाट्याला एका फटक्यात क्वचितच आले असेल. ते कसे विकत घेतले जाणार? सध्याच्या रीतीने गेले तर इंग्रजी सूचना मशीनमध्ये टाकून बावीस फाइली बाहेर काढल्या जातील आणि पुढची पाच वर्षे त्यांना कोणी हात लावणार नाही. त्याच कायद्यात संमती ही माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असली पाहिजे असेही म्हटले आहे. न कळणाऱ्या मराठीवर घेतलेली संमती माहितीपूर्ण कशी ठरेल, हा प्रश्न कोणीतरी वकील एक दिवस विचारणारच. तो विचारला जाण्याआधी कंपन्यांच्या विधी विभागांनी मराठी तपासणाऱ्याचे नाव विचारायला सुरुवात केली तर बरे.

सरकार हा मराठीचा सर्वांत मोठा ग्राहक आहे आणि रीत बदलण्याची ताकद त्याच्याच हातात आहे. अनुवादाच्या निविदा बहुधा पानाला किंवा शब्दाला दर मागतात आणि सर्वांत कमी दरवाल्याला काम जाते. केंद्राच्या खरेदीविषयक सूचनांनी ऑक्टोबर २०२१ पासून अशा सेवांमध्येही, गुणवत्तेला महत्त्व आहे असे आधी जाहीर केले तर, तांत्रिक गुणांना तीस टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा ठेवली आहे. नागरिकाच्या हक्काशी संबंधित मजकुराला तरी ती वापरावी. निविदेत आणखी एक कलम हवे, आणि ते फुकट आहे: कामाबरोबर ट्रान्सलेशन मेमरीची टीएमएक्स (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) फाइल आणि संज्ञांची यादी विभागाला मिळालीच पाहिजे. आज हे कलम नसेल तर साठवण व्हेंडरकडे राहते; पुढच्या निविदेत व्हेंडर बदलला की जनतेच्या पैशाने झालेला अनुवाद पुन्हा पहिल्या शब्दापासून विकत घेतला जातो. ‘लाभार्थी’ एका वर्षी ‘लाभधारक’ होतो आणि तिसऱ्या वर्षी ‘हितग्राही’.

महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० पासून आहे आणि त्याच्या परिभाषा कोशांमागे पिढ्यांचे श्रम आहेत. ते कोश अनुवादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट भरता येतील अशा फाइलच्या रूपात, आवृत्तीची तारीख घालून, मोफत मिळाले पाहिजेत. शिवाय प्रत्येक संज्ञेपुढे एक जास्तीचा रकाना हवा: हा शब्द अधिकाऱ्यासाठी की नागरिकासाठी. ‘यादृच्छिक’ सांख्यिकीच्या पुस्तकात योग्यच आहे, संमतिपत्रकात नाही. कोशात हा फरक लिहिलेला नसतो, म्हणून अनुवादक आणि मशीन दोघेही कोशातला शब्द उचलतात आणि दोघेही नियमाप्रमाणे बरोबर ठरतात.

गोव्याबद्दल एकच सांगतो. तिथे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापरालाही मुभा आहे. हिंदीच्या संदर्भावरून मराठी करून घेण्याबद्दल जी तक्रार आपण करतो, ती मराठीच्या संदर्भावरून कोकणी करून घेताना कोकणी माणसाला करायला लागू नये.

अनुवादकांचे काय? काहींना सध्या एआय कंपन्यांसाठी मजकूर तपासण्याचे, उत्तरांना गुण देण्याचे काम मिळते. ते घ्यावे, पण त्यावर घर उभे करू नये. जानेवारी २०२४ मध्ये गूगलने असेच काम लोकांकडून करून घेणाऱ्या ‘ॲपेन’ या ऑस्ट्रेलियन कंपनीशी असलेला करार संपवत असल्याचे कळवले आणि मार्चमध्ये तो संपला. असे काम एका ईमेलने जाते. टिकेल ते विषयाचे ज्ञान. औषध, विमा, जमीन-महसूल, शेती यांपैकी एका विषयात इतके खोल जावे की मूळ इंग्रजीतली चूक तुम्ही दाखवू शकाल. ज्याने ग्राहकाला मूळ मजकुरातली विसंगती दाखवली त्याच्याशी शब्दाच्या दरावर घासाघीस होत नाही.

आणि पैसे वेळेवर मागायला शिकावे. घरून एकट्याने काम करणाऱ्यालाही ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करता येते, ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याप्रमाणे भारतातल्या ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापला की पुष्कळ ठिकाणी आठवणीचा एक ईमेल पुरतो. ९० दिवसांनी पैसे ही अट मान्य करणारे अनुवादक आजही आहेत, केवळ हा कायदा आपल्यालाही लागू आहे हे माहीत नसल्यामुळे.

दर तासाने मागावा, शब्दाने नाही. आणि तासाच्या दरात काय येते ते कोटेशनमध्ये लिहावे: पडद्याची चित्रे पाहून तपासणी, दुसऱ्याची नजर, वाचकांसमोर चाचणी, आणि खाली नाव. पहिल्या काही ग्राहकांना ते महाग वाटेल. त्यांना ‘नाव नसलेला’ स्वस्त पर्यायही शेजारी द्यावा आणि त्यावर स्पष्ट लिहावे की हा मशीनचा मजकूर आहे, माणसाने तपासलेला नाही. मग निवड त्यांनी करावी, आणि ती त्यांच्या कागदावर राहावी.

संमतिपत्रकाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आजही आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते. मराठी मजकूर कोणी तपासला त्याचे नाव त्याच ओळीत छापायला आणखी चार शब्दांची जागा लागेल.